‘घरीच असतो, काही करत नाही’



घरभेटींच्या निमित्ताने खडकवासल्यात एका कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. मंगळवारचा दिवस, सकाळचे साडेअकरा वाजले होते. दार घरातील गृहस्थांनी उघडले. खांद्यावर पंचा होता आणि हाताला कणीक लागली होती. आम्हाला पाहताच त्यांनी हात पाठीमागे घेतला आणि “या फादर, बसा” म्हणाले. पत्नी परिचारिका आहे. त्या दिवशी तिची सकाळपाळी होती. गृहस्थ ज्या कारखान्यात होते, तो २०२० च्या टाळेबंदीनंतर पुन्हा सुरू झाला नाही.

“सध्या काय करता?” आम्ही सहज विचारले.

“काही नाही, फादर. घरीच असतो. काही करत नाही.”

एवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ते आत गेले, गॅस बारीक केला, येताना आईची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आले. गोळी दिली. सिलिंडरवाल्याचा फोन आला, त्याच्याशी बोलले. गॅलरीतले कपडे उलटे केले. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, “पाच मिनिटं बसा हं फादर, धाकटीची व्हॅन यायची वेळ झाली.” आम्ही त्या घरी जेमतेम अर्धा तास होतो. तेवढ्या वेळात हा माणूस दोन मिनिटे सलग खाली बसला नाही. आणि तरी तो म्हणत होता, ‘काही करत नाही.’

परत येताना आमच्या लक्षात आले की चूक त्यांच्या उत्तरात नव्हती, आमच्या प्रश्नात होती. ‘काय करता?’ म्हणजे ‘पगार कुठून येतो?’ असाच अर्थ आपण सर्वांनी ठरवून टाकला आहे. पुढे असेही कळले की ते अलीकडे मिस्सा संपताच निघून जातात आणि पुरुषांच्या बैठकीला थांबत नाहीत. तिथेही हाच प्रश्न विचारला जातो. एक भला माणूस आपल्या धर्मग्रामापासून दूर सरकत होता, आणि त्याचे कारण त्याचे पाप नव्हते, तर त्याचा स्वयंपाक होता. म्हणून आजचा हा कुटुंब-पाठ.

‘काही नाही’ हे उत्तर आले कुठून?

हे उत्तर या गृहस्थांनी शोधून काढलेले नाही. आपल्या आया, बहिणी, काकू, माम्या पिढ्यान्‌पिढ्या हेच उत्तर देत आल्या. शाळेच्या अर्जात आईचा व्यवसाय लिहायची वेळ आली की ‘काही नाही, घरीच असते’. पहाटे पाचला उठणारी बाई रात्री ओटा पुसून सर्वांच्या शेवटी आडवी होते, तीही ‘काही करत नाही’.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे १५ कोटी ९८ लाख स्त्रियांनी घरकाम हे आपले मुख्य काम असल्याचे सांगितले. असे सांगणारे पुरुष जेमतेम ५८ लाख होते. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ च्या एका निकालात नोंदवले. प्रकरण दिल्लीतील एका अपघाताचे होते. पती-पत्नी दोघेही दगावले होते, पत्नी गृहिणी होती. तिची ‘कमाई’ किती धरायची, असा प्रश्न होता. न्यायालयाने स्पष्ट केले की घर चालवणाऱ्या व्यक्तीच्या श्रमाला मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते मोजलेच पाहिजे. विचार करा, बंधु-भगिनींनो! घरातल्या बाईच्या कामाची किंमत मांडायला आपल्याला तिच्या मृत्यूपर्यंत थांबावे लागते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. ते काम बाईच्या हाती होते, तोवर आपण त्याला किंमत दिली नाही. आता तेच काम पुरुषाच्या हाती आले आहे, तर त्याला त्याची लाज वाटते. म्हणजे आज त्या गृहस्थांना वाटणारी लाज हे आपल्या जुन्या कर्जाचे व्याज आहे. कर्ज घेतले आपल्या आज्यापणज्यांकडून, आणि फेडायची वेळ नातवावर आली. जोवर घरकाम हे हलके काम आहे असे आपण मानतो, तोवर ते करणारी स्त्री दुर्लक्षित राहील आणि ते करणारा पुरुष शरमिंदा राहील. दोघांचीही सुटका एकाच गोष्टीने होईल. त्या कामाला काम म्हणायचे.

धरण आणि घर

रविवारी पुण्याहून माणसे खडकवासल्याच्या चौपाटीवर येतात, कणसे खातात, धरण पाहून परत जातात. त्यांना वाटते, पुण्याला पाणी देणारे धरण ते हेच. खरे तर खडकवासल्याची साठवण दोन टीएमसीच्याही आत, १.९७ टीएमसी आहे. पुण्याची तहान भागते ती मागे उभ्या असलेल्या पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांमुळे. चौघांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या वर जाते. मागची तीन धरणे पाणी सोडतात म्हणून पुढचे देऊ शकते.

संसाराचेही असेच आहे. पगार आणणारा माणूस पुढे दिसतो. पण त्याच्या इस्त्रीच्या शर्टामागे, वेळेवर भरलेल्या डब्यामागे, निर्धास्त मनामागे कुणीतरी उभे असते. वर्षानुवर्षे पत्नी मागे उभी राहिली. आज काही घरांत पत्नी पुढे आहे. मग मागे उभे कोण राहणार? बऱ्याच घरांत याचे उत्तर असे मिळते की तीच. ती पुढेही आणि तीच मागेही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ साली याच गोष्टीवर एक ग्रंथ लिहिला आणि नोकरीवरून घरी येणाऱ्या स्त्रीच्या घरकामाला ‘दुसरी पाळी’ असे नाव दिले. पाळीत काम करणाऱ्या आपल्या भगिनींना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

केंद्र सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. तिच्यात असे दिसले की कुठल्याही एका दिवशी १०० पैकी ८१ स्त्रिया घरकाम करतात, पुरुष मात्र २६ करतात. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे जातात. पुन्हा २०२४ साली अशीच पाहणी झाली. स्त्रियांची मिनिटे २८९ झाली, पुरुषांची ८८. म्हणजे बाईचा भार तसूभर हलला आणि पुरुषाचा हात तेवढाच आखडला.

मदत आणि जबाबदारी

“फादर, आम्ही घरी मदत करतो की!” असे अनेक बांधव सांगतात. चांगली गोष्ट आहे. पण मदत आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच कुटुंबातील भगिनीने नंतर आम्हाला सांगितले, “सुरुवातीचे सहा महिने हे मला मदत करायचे. त्या सहा महिन्यांत मी जास्त दमले.” कारण काय? वॉर्डात सलाइन लावत असताना फोन यायचा, ‘अगं, डाळीला किती शिट्ट्या?’ थोड्या वेळाने, ‘हळद कुठल्या डब्यात आहे?’ मग, ‘आईची संध्याकाळची गोळी पांढरी की गुलाबी?’ हात त्यांचे होते, पण डोके तिचेच चालत होते. दूध संपत आले आहे, गणवेशाचे बटण तुटले आहे, पाण्याचा टँकर उद्या येणार नाही, सासूबाईंची तपासणी गुरुवारी आहे, ही सगळी यादी तिच्याच मनात फिरत होती.

मग एक दिवस तिने फोन उचलायचे बंद केले. त्या दिवशी डाळ करपली. दुसऱ्या दिवशी करपली नाही. महिन्याभरात दूध कधी संपते हे त्यांना न सांगता कळू लागले. ती म्हणाली, “त्या दिवशी मी पहिल्यांदा नोकरीवर फक्त नोकरी केली.”

घर सांभाळणे म्हणजे हे. कामाबरोबर कामाची काळजीही उचलणे. ‘सांग, काय करू?’ असे विचारणारा नवरा चांगला मदतनीस असतो, पण घराचा कारभार अजून बायकोच्याच डोक्यावर असतो.

हे काम अवघड का, याचे एक कारण तत्त्वज्ञांनी सांगितले आहे. हाना आरेंट या विदुषीने १९५८ साली लिहिलेल्या ग्रंथात दोन प्रकारच्या कामांत फरक केला. सुतार खुर्ची करतो, ती मागे उरते. स्वयंपाक, धुणी-भांडी, झाडलोट यांचे मागे काहीच उरत नाही. पोळी खाल्ली जाते, झाडलेली जमीन संध्याकाळी पुन्हा धुळीने भरते. केले तर कुणाला दिसत नाही, न केले तर सर्वांना दिसते. असे काम रोज, कौतुकाशिवाय करायला फार मोठे मन लागते. ज्या पुरुषाने कधी चार दिवस घर सांभाळले आहे, त्याला आपल्या आईचे मोठेपण नव्याने कळते.

आम्ही अविवाहित. मग आम्हाला यातले काय कळते, असे कुणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. सेमिनरीत आम्ही पाळीपाळीने झाडू मारला, पंगतीची भांडी घासली. पण तिथे पाळी संपत असे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची येई. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी एकदा पंधरा दिवस आजारी होत्या. तेव्हा तिसऱ्या दिवशीच आम्हाला उमगले की स्वयंपाकातला सर्वात कठीण भाग ‘आज काय करायचे?’ हा असतो. घरात ही पाळी कधीच संपत नाही.

खडकवासल्याच्या मुली

आपल्या गावातच अलीकडे एक इतिहास घडला. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वर्षानुवर्षे फक्त मुलगे शिकत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये मुलींना प्रवेशपरीक्षेला बसू देण्याचा आदेश दिला. २०२२ साली मुलींची पहिली तुकडी आली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली संचलन करून प्रबोधिनीतून बाहेर पडल्या. त्या दिवशी खडकवासल्यातल्या कितीतरी आयांना अभिमान वाटला.

त्याआधी, १७ फेब्रुवारी २०२० रोजी, लष्करातील स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणूक देण्याच्या प्रकरणात निकाल लागला होता. त्यात सरकारच्या बाजूने मांडलेल्या मुद्द्यांपैकी एक असा होता की स्त्रियांवर मातृत्वाची, मुलाबाळांची आणि घरची जबाबदारी असते. न्यायालयाने तो मान्य केला नाही. अशी मांडणी स्त्री-पुरुषांच्या भूमिकांविषयीच्या साचेबंद कल्पनांवर उभी आहे, असे म्हटले.

न्यायालयाने त्यांच्यापुढचे दार उघडले. पण ती अधिकारी सीमेवर असेल तेव्हा तिच्या बाळाला ताप आला, तर रात्रभर जागणार कोण? याचे उत्तर कुठलेही न्यायालय देऊ शकत नाही. ते आज तुमच्या आमच्या घरात वाढणारा दहा वर्षांचा मुलगा देणार आहे. त्याला आपण ताट उचलायला शिकवले आहे का?

नियमही अजून मागेच आहेत. खडकवासल्यात केंद्र सरकारच्या संस्था आहेत, त्यामुळे हे अनेकांना माहीत असेल. केंद्रीय कर्मचारी स्त्रीला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, पित्याला १५ दिवसांची. ७३० दिवसांची बालसंगोपन रजा स्त्रीला किंवा एकल पुरुषाला मिळते. ज्याची पत्नी सोबत आहे, त्या पित्याला नाही. म्हणजे मूल वाढवणे हे आईचेच काम, असे कागदही गृहीत धरतो.

लाज कशाची?

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न नवा नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील पहिलीच गोष्ट आठवा. आई आजारी आहे, वडाला प्रदक्षिणा घालायला जाऊ शकत नाही. ती श्यामला पाठवते. हे बायकांचे काम, लोक हसतील, म्हणून श्याम लाजतो. आई त्याला समजावते की चांगले काम करायला लाजायचे नसते, लाजायचे ते वाईट करताना. याच साने गुरुजींनी पुढे अंमळनेरच्या वसतिगृहात आपल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले.

आपल्या मराठी मातीत तर देवालाही घरकामाची लाज वाटत नाही. जनाबाईंच्या अभंगांतला विठोबा तिच्याबरोबर दळण दळतो. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देव पाणी भरत होता, अशी श्रद्धा आहे. ज्या लोकांनी देवाला जात्यावर बसवले, त्यांनी नवऱ्याला ओट्याशी उभे करायला एवढे का बिचकावे?

आणि आपण ख्रिस्ती भाविक तर शेवटच्या भोजनाचे स्मरण दरवर्षी करतो. प्रभू येशूने अंगावरचे वस्त्र बाजूला ठेवले, कमरेला पंचा बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. ते काम त्या काळी नोकराचे होते. पेत्राला ते पाहवले नाही. त्याला लाज वाटली, प्रभूला वाटली नाही. पुनरुत्थानानंतरही तिबिर्या सरोवराच्या काठी शिष्य रात्रभर मासेमारी करून थकून आले, तेव्हा प्रभूने कोळशाच्या निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर तयार ठेवली होती. कामावरून आलेल्यांसाठी त्याने न्याहारी केली.

पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०१६ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, कुटुंबावरील ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रावर सही केली. त्यात त्यांनी हा विषय स्पष्टपणे मांडला आहे. पत्नीच्या नोकरीशी जुळवून घेऊन पतीने घरकाम किंवा मुलांच्या संगोपनाचा काही भाग उचलला, तर त्याचे पौरुष कमी होत नाही आणि त्यात अपयश किंवा लाज मानण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय आहे.

काही सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट पतींसाठी. नोकरी गेली म्हणून दिवसभर टीव्हीपुढे बसणे आणि पत्नी कामावरून आल्यावर चहाची वाट पाहणे, याला घर सांभाळणे म्हणत नाहीत. अशी घरेही आम्ही पाहिली आहेत. तिथे पत्नी दोन्हीकडून भरडली जाते.

दुसरी गोष्ट पत्नींसाठी. पतीने घासलेली भांडी त्याच्या देखत पुन्हा घासू नका. त्याच्या पोळीचा नकाशा झाला तर तो नकाशा प्रेमाने खा. काम सोपवायचे तर ते करण्याची पद्धतही सोपवावी लागते.

तिसरी गोष्ट पैशाची. त्या गृहस्थांनी अगदी शेवटी, खाली मान घालून सांगितले, “फादर, रिक्षाला पैसे मागायला जड जातं.” हे जडपण आपल्या आयांनी आयुष्यभर उचलले. जो घर चालवतो, त्याच्या हाती घरखर्चाचे पैसे मागितल्याशिवाय असले पाहिजेत. तो स्त्री असो वा पुरुष. कुणी कमावले हा प्रश्न त्या डब्याला विचारू नये.

चौथी गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांसाठी. ‘माझ्या मुलाला बाईने भांडी घासायला लावली’ असे शेजारी सांगू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका घटस्फोटाच्या प्रकरणात म्हटले की आजच्या काळात घरच्या जबाबदाऱ्यांचा भार पती-पत्नीने सारखाच उचलायला हवा.

प्रत्येक घरात पतीनेच घरी राहावे, असे आमचे म्हणणे नाही. कुठे पत्नी राहील, कुठे पती, कुठे दोघेही बाहेर पडतील. दोघांनी बसून, एकमेकांची कुवत आणि थकवा पाहून ठरवावे. ठरल्यावर मात्र जो मागे उभा आहे, त्याचा मान पुढच्याइतकाच असावा.

गेल्या महिन्यात आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. या वेळी प्रश्न बदलला. “घर कसं चाललंय?” असे विचारले. गृहस्थ हसले आणि सांगू लागले. धाकटीला गणित जमू लागले आहे, आईची साखर खाली आली आहे, इडलीचे पीठ थंडीत फुगत नाही म्हणून ते कणगीत ठेवावे लागते. ते वीस मिनिटे बोलत होते. निघताना आम्ही त्यांना पुढच्या बैठकीचे आमंत्रण दिले. ते आले, आणि मागच्या बाकावर बसले. पुढचे बाक रिकामे करून देणे हे आता आपले काम आहे.

या आठवड्याचा कुटुंब-अभ्यास

आज रविवारी जेवणानंतर सर्वांनी मिळून एका कागदावर घरातील सगळी कामे लिहा. अगदी पाण्याची टाकी भरण्यापासून पाहुण्यांना फोन करण्यापर्यंत. प्रत्येक कामापुढे दोन नावे लिहा: ते करतो कोण, आणि ते लक्षात ठेवतो कोण. दुसऱ्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा आले, तर त्यातील निदान दोन कामे पूर्णपणे, आठवणीसकट, दुसऱ्या कुणीतरी उचलावीत. महिनाभर त्याला आठवण करून देऊ नये.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या घरात ‘मदत करतो’ हा शब्द कोण वापरतो? मदत कुणाच्या कामात?

२. घरी राहून घर सांभाळणाऱ्या पुरुषाला आपण भेटलो, तर पहिला प्रश्न काय विचारू?

३. आपल्या मुलाला आज कोणती तीन घरकामे एकट्याने येतात? मुलीला किती येतात?

४. घर चालवणाऱ्या व्यक्तीचे शेवटचे आभार आपण कधी मानले?